मोटारीच्या विजेला सवलत कोणासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा झाली. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, उद्‌वाहनाचा देखभाल-खर्च असे नेहमीचे विषय संपल्यावर एक नवा विषय पुढे आला. संस्थेतील ज्या सभासदांनी विजेवर चालणाऱ्या मोटारी घेतल्या आहेत, त्यांनी राज्य वीज नियामक आयोगाला एक निवेदन पाठवावयाचे ठरविले होते. मागणी अशी की, मोटारीसाठी प्रत्येकाला स्वतंत्र मीटर मिळावे आणि त्या मीटरला घरगुती दरपत्रकातील पहिल्या, म्हणजे सर्वांत स्वस्त, टप्प्याचा दर कितीही युनिटांपर्यंत लागू व्हावा. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्यामुळे निवेदनाचा मसुदा त्यानेच करावा, असे सर्वानुमते ठरले. आमच्या घरीही २०२३ पासून अशी एक मोटार आहे. ती माझ्या मुलाने घेतली, आणि तिच्यात बसून मी सुखाने हिंडतोही. तेव्हा या मागणीत माझा स्वार्थ गुंतलेला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मसुदा लिहावयास बसलो आणि प्रथम हिशेब केला. हिशेब पुरा झाला तेव्हा निवेदनावर सही करणे मला अशक्य झाले. का अशक्य झाले, ते सभासदांना सांगितलेच आहे. परंतु हा प्रश्न एका संस्थेच्या आवारापुरता नसल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

हिशेब सोपा आहे आणि कोणालाही घरच्या बिलावरून तो करता येईल. मध्यम आकाराची विजेची मोटार शहरातील रस्त्यांवर एका युनिटमध्ये साधारणपणे साडेसहा ते सात किलोमीटर चालते. भरणी करताना जी वीज वाया जाते, ती यात धरली आहे, कारण मीटर तीही मोजते. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणे झाले तर सुमारे १५० युनिटे लागतात. ही १५० युनिटे किती रुपयांची, हे मात्र सरळ सांगता येत नाही. घरात आधीच किती वीज वापरली जाते, यावर ते अवलंबून असते. कारण आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि मोटारीची युनिटे घराच्या युनिटांवर जाऊन बसतात. घराच्या जोडणीवरून मोटार भरली तर तिला घराचाच दर लागतो, हे तत्त्व केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच घालून दिलेले आहे.

महावितरणच्या २०२४-२५ या वर्षाच्या दरपत्रकाचे उदाहरण घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १५ रुपये ७२ पैसे आणि ५०० च्या पुढे १७ रुपये ८१ पैसे असा हा चढता क्रम होता. त्यावर राज्याचे १६ टक्के विद्युत शुल्क. दर वर्षागणिक बदलतात, इंधन समायोजनाची आकारणी कमीजास्त होते. परंतु जिन्याची रचना तीच राहते, आणि आपला मुद्दा त्या रचनेसंबंधी आहे.

आमच्या घरी मोटार येण्यापूर्वी महिन्याला सुमारे १८० युनिटे लागत. मोटारीची १५० मिळून ३३० झाली. वाढलेल्या युनिटांपैकी १२० दुसऱ्या टप्प्यात आणि ३० तिसऱ्या टप्प्यात गेली. शुल्क धरून बिलात २,१४० रुपयांच्या जवळपास भर पडली. वरच्या मजल्यावरील ज्या कुटुंबात वातानुकूलन यंत्रे चालतात आणि मोटारीविनाच ५०० युनिटांची मजल गाठली जाते, त्यांना तेवढीच १५० युनिटे ३,१०० रुपयांना पडतात. मोटार तीच, अंतर तेच, खर्चात मात्र हजार रुपयांचा फरक. निवेदनकर्त्यांची तक्रार नेमकी येथे आहे. पर्यावरणाचे रक्षण करणाऱ्याला सर्वांत महाग टप्प्यात लोटणे हा अन्याय आहे, असे ते म्हणतात.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. पेट्रोलवर चालणारी त्याच आकाराची मोटार शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असे धरले आणि २०२४ मध्ये मुंबईत असलेला लिटरमागे १०४ रुपयांच्या आसपासचा भाव घेतला, तर १,००० किलोमीटरला ६,९०० रुपये होतात. म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोटार भरणाऱ्या कुटुंबाचाही इंधनखर्च निम्म्याहून कमी झालेला आहे. आमच्या घराची तर महिन्याला पावणेपाच हजारांची बचत होते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, पेट्रोल सोडून विजेकडे वळण्यास जे प्रलोभन लागते ते या दरांतही भरपूर शिल्लक आहे. मोटारीची मूळ किंमत अधिक असते हे खरे. परंतु त्यासाठीही सरकारने आपल्या वर्गाला रिकाम्या हाती ठेवलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट दिली गेली. आमच्या राज्याच्या २०२१ च्या धोरणाने पहिल्या काही हजार मोटारींना थेट अनुदान दिले, आणि २०२५ च्या धोरणाने अटल सेतूसारख्या मार्गांवरील पथकरही माफ केला. या सर्व सवलतींचा पैसा आकाशातून पडलेला नाही.

निवेदनातील मागणी मान्य झाली तर आमच्या मोटारीची १५० युनिटे शुल्कासह सुमारे १,०२० रुपयांत पडतील; म्हणजे महिन्याला आणखी ११०० रुपयांची सूट. ही सूट कोण देणार? नियामक आयोग वीज कंपनीला वर्षभरात लागणारा एकूण महसूल ठरवून देतो आणि तो निरनिराळ्या ग्राहकवर्गांत वाटून घेतो. एका वर्गाने कमी दिले की ती तूट दुसऱ्या वर्गाकडून भरून काढावी लागते, नाही तर राज्याच्या तिजोरीतून. तिसरा मार्ग नाही.

घरगुती दराचा पहिला टप्पा एवढा स्वस्त का ठेवला, याचा विचार निवेदनकर्त्यांनी केलेला दिसत नाही. वीज पुरविण्याचा जो सरासरी खर्च येतो, त्याच्यापेक्षा हा दर कमी असतो, आणि वरच्या टप्प्यांतील ग्राहक, कारखाने व दुकाने यांच्याकडून अधिक दर घेऊन ती तूट भरली जाते. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. दोन दिवे, एक पंखा, एक दूरचित्रवाणी संच आणि फार तर एक शीतकपाट ही आजच्या जीवनाची किमान गरज आहे आणि ती प्रत्येकाला परवडली पाहिजे. शंभर युनिटांची ती पायरी या गरजेसाठी बांधलेली आहे. दीड टन वजनाचे यंत्र चार माणसांसाठी, आणि बहुधा एकाच माणसासाठी, रस्त्यावरून नेण्याची गरज त्या पायरीवर आणून बसविणे म्हणजे गरिबाच्या ताटातील भाकरी मोजून घेऊन पाहुण्यांना वाढण्यासारखे आहे. ती मागणी पर्यावरणाच्या नावाने केली म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या एकत्र कुटुंबात आठ-दहा माणसे एका मीटरवर राहतात, त्यांची मूळ गरजच दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात जाते; तेथे मोटार आली की वरच्या टप्प्याचा भार अधिकच जाणवतो. यास्तव मोटारीची वीज वेगळी मोजली जावी, या मागणीला माझा विरोध नाही. वेगळी मोजणी झाली तर कोणती वीज कशासाठी गेली, हे समाजालाही कळेल. माझा विरोध आहे तो वेगळ्या मीटरच्या आडून खऱ्या खर्चाहून कमी दर मागण्याला. मोटारीच्या विजेने स्वतःचा पुरता खर्च दिला पाहिजे. त्याहून अधिक मागू नये, परंतु त्याहून कमीही घेऊ नये.

आणि हा पुरता खर्च केवळ युनिटांचा नसतो. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरून मोटार भरली तर सुमारे तीन किलोवॉटचा भार पडतो. भिंतीवर बसविण्याचे जलद यंत्र लावले तर तो सात किलोवॉटच्या पुढे जातो. चार-पाच वातानुकूलन यंत्रे एकदम चालविण्याइतका हा भार आहे. इमारतीतील वीस कुटुंबांनी संध्याकाळी सात वाजता कचेरीतून येऊन एकदमच प्लग लावला, तर गल्लीच्या तोंडाशी असलेले रोहित्र बदलावे लागते, केबल जाड घालावी लागते. तो भांडवली खर्च पुन्हा सर्व ग्राहकांच्या दरांत मिसळतो. ज्याच्या घरी सायकलही नाही, तोही त्यातील आपला वाटा भरतो.

रात्री वीज पडून असते, म्हणून रात्री मोटारी भरल्या तर कंपनीचाच फायदा, असे सभेत एका अभियंता सभासदांनी सांगितले. काही वर्षांपूर्वी हे म्हणणे बरेचसे बरोबर होते. आता सूर्याच्या विजेने हे गणित बदलू लागले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक-हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे उन्हाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्क्यांनी कमी असावा, असे तत्त्व घातले गेले. स्वस्त वीज मध्यरात्रीकडून मध्यान्हीकडे सरकते आहे. आणि मध्यान्हीला मोटार घराच्या खाली नसते, ती मालकाच्या कचेरीखाली उभी असते. दुपारी घरी मोटार भरू शकणारे आम्ही निवृत्त लोकच काय ते! तेव्हा घरची भरणी हीच सर्वांत स्वस्त, हे गृहीतकसुद्धा फार काळ टिकणारे नाही. भरणीची सोय कामाच्या ठिकाणी, रेल्वे स्थानकाजवळ, बाजाराजवळ झाली पाहिजे आणि ती सार्वजनिक असली पाहिजे.

या वादात जो शब्द सर्वांनी सहज उच्चारला, त्याच्याकडे आता वळतो. तो शब्द म्हणजे ‘घरी’. मोटार घरी भरावयाची तर घराला जोडून स्वतःची अशी जागा हवी, त्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरची तार यावयास हवी. शहरातील किती लोकांना असे घर आहे? चाळीतील खोलीला वाहनतळ नसतो. झोपडपट्टीतील गल्लीतून हातगाडी जेमतेम जाते. आणि विजेच्या वाहनावर ज्यांचे पोट आहे अशी माणसे नेमकी तेथेच राहतात.

आमच्या संस्थेत जेवणाचे डबे आणि वाणसामान पोचविण्यासाठी एक तरुण विजेच्या स्कूटरवरून येतो. त्याच्याशी बोलताना जे समजले, ते सांगण्यासारखे आहे. तो भाड्याच्या एका खोलीत राहतो. वीज जोडणी घरमालकाच्या नावावर आहे आणि घरमालक प्रत्येक भाडेकरूकडून युनिटमागे सरसकट १५ रुपये घेतो. दिवसाला शंभर किलोमीटरची रपेट करणाऱ्या त्याच्या स्कूटरला महिन्याला सुमारे ९० युनिटे लागतात, म्हणजे १,३५० रुपये. त्याच्या नावावर मीटर असते आणि घरात ६० युनिटे लागत असती, तर याच ९० युनिटांसाठी त्याला त्या दरपत्रकाप्रमाणे शुल्कासह ९४० रुपयांहून अधिक पडले नसते. मला माझ्या मोटारीचे युनिट सव्वाचौदा रुपयांना पडते. त्याला त्याच्या उपजीविकेचे युनिट पंधराला पडते. निवेदन मंजूर झाले असते तर मला ते सात रुपयांहून कमी भावात मिळाले असते, आणि त्याचे पंधरा तसेच राहिले असते. ज्या सभेने मला मसुदा लिहावयास सांगितले, त्या सभेत या तरुणाचा उल्लेखही कोणी केला नाही. तो संस्थेचा सभासद नाही एवढेच त्याचे कारण.

रिक्षाचालकाची स्थितीही वेगळी नाही. ज्याला घरी भरणीची सोय नाही त्याने सार्वजनिक केंद्रावर जावे, असे आपण म्हणतो. पण तेथे काय होते? घरी वापरलेल्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही. सार्वजनिक केंद्रावर मात्र वाहन भरून देणे ही ‘सेवा’ ठरते आणि तिच्यावर १८ टक्के कर बसतो. केंद्रचालकाचा खर्च, जागेचे भाडे, त्याचा नफा यांच्यावर हा कर. म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःची जागा आहे त्याला वीज स्वस्त आणि ज्याच्याजवळ नाही त्याला महाग. पूर्वी पाण्याच्या बाबतीत आपण हेच पाहिले. नळ असलेल्या घराला पाणी जवळजवळ फुकट आणि टँकरपुढे रांग लावणाऱ्याला हंड्याच्या भावाने. विजेच्या वाहनांच्या बाबतीत तीच व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा उभी राहत आहे. ती पुरती उभी राहण्यापूर्वीच बोलले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, शेवटी हवा सर्वांचीच स्वच्छ होते. मोटारवाल्याला दिलेली सवलत रिक्षावाल्याच्या फुफ्फुसालाही पोचते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धे. एक तर आपल्या देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. विजेचे इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक कार्यक्षम असल्यामुळे एकूण हिशेबात लाभ होतो, हे मी नाकारीत नाही. परंतु पुण्याच्या रस्त्यावरचा जो धूर नाहीसा होतो, त्यातील काही भाग चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राभोवती राहणाऱ्यांच्या वाट्याला जातो, आणि त्यांना आपण कोणतीही सवलत देत नाही. दुसरे असे की, स्वच्छ हवेसाठीच पैसा खर्च करावयाचा, तर एका रुपयात जास्तीत जास्त धूर कोठे कमी होतो, हे पाहावे लागेल. आमची मोटार दिवसाला सरासरी ३५ किलोमीटर चालते आणि उरलेला वेळ उभी राहते. रिक्षा दिवसाला शंभर किलोमीटरच्या घरात फिरते. बस तर दिवसभर धावते आणि एकेका फेरीत पन्नास-साठ माणसे नेते. सवलतीचा प्रत्येक रुपया बसला आणि रिक्षाला दिला तर त्याचे फळ मोटारीला दिलेल्या रुपयाच्या कितीतरी पट आहे. हे समजावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बसची आठवण केली ती उगाच नव्हे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ धावली. पुणे शहरात २०१९ पासून विजेच्या बसगाड्या आहेत. सार्वजनिक वाहतुकीचा हा मार्ग आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावर आपण पावलेही टाकली आहेत. मग विजेच्या युगाचे चित्र डोळ्यांपुढे आणताना आपल्याला एस.टी.चे आगार न दिसता इमारतीखालची झाकलेली मोटारच का दिसावी?

आणखी एक प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. पेट्रोलच्या किमतीत करांचा भाग मोठा असतो. मे २०२२ च्या कपातीनंतरही केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे १९ रुपये ९० पैसे होते आणि त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर. मोटारवाला पेट्रोल सोडून विजेकडे गेला की हा महसूल आटतो. रस्ते मात्र तेच राहतात. तो महसूल मग कोठून भरून काढावयाचा? स्कूटर अजून पेट्रोलवरच चालविणाऱ्या दूधवाल्याकडून? मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविला गेला आणि त्याच अधिवेशनात तो मागेही घेतला गेला. तीस लाखांची मोटार घेणाऱ्यालाही जेथे कर सोसत नाही, तेथे पुढचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

तेव्हा मी सभेपुढे जुन्या निवेदनाऐवजी दुसरे निवेदन ठेवले. त्यातील मागण्या चार आहेत. पहिली, खाजगी मोटारीची वीज हवी तर वेगळी मोजावी, परंतु तिचा दर पुरवठ्याच्या पुऱ्या खर्चाहून कमी नसावा आणि पहिल्या टप्प्याला हात लावू नये. दुसरी, सार्वजनिक भरणी केंद्रांवरील १८ टक्के कर रिक्षा आणि दुचाकींपुरता तरी रद्द करावा. तिसरी, नगरपालिकांनी रिक्षाथांब्यांवर, मंडईत आणि चाळी-वस्त्यांच्या तोंडाशी स्वतःची भरणी केंद्रे उघडावीत व तेथे उन्हाच्या तासांतील स्वस्त दर थेट वाहनचालकाला मिळावा. चौथी, भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या नावाने मीटर मिळण्यातील अडचणी दूर कराव्यात, म्हणजे पहिल्या टप्प्याचा लाभ ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत तो पोचेल.

सभेत अर्थातच खळबळ झाली. मोटारी असलेल्यांपैकी काहींनी मला स्वतःच्याच हिताविरुद्ध बोलणारा ठरविले. एका भगिनींनी मात्र शांतपणे विचारले, “सर, मग आपण आताचे २,१४० रुपये भरत राहणार?” मी म्हटले, भरत राहणार, पूर्वी पेट्रोलचे ६,९०० भरत होतो, तेव्हा तक्रार केली नव्हती. त्यावर थोडे हसू झाले आणि निर्णय पुढील सभेपर्यंत लांबणीवर पडला. मतदान कसे होईल हे मी सांगू शकत नाही. परंतु अशी निवेदने आज शहराशहरांतील संस्थांतून लिहिली जाऊ शकतात, आणि आयोगापुढील जाहीर सुनावणीत बोलावयास वेळ आणि वकील दोन्ही ज्यांच्याजवळ आहेत त्यांचेच म्हणणे नोंदले जाते. दरवाढीच्या सुनावणीला शेतकऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या संघटना जातात. भाडेकरू, रिक्षाचालक आणि डबे पोचविणारे तरुण यांच्या संघटनांनीही आता हा विषय हाती घ्यावा आणि आयोगाच्या पुढच्या सुनावणीत आपल्या बिलांसह उभे राहावे. त्यांच्यासाठी आकडेमोड करून द्यावयास माझ्यासारखे निवृत्त शिक्षक गावोगावी आहेत. त्यांनी फक्त बोलवावे.